स्टॉकभाऊ

‘माल हाये का?’ या प्रश्नाला सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा दुकानदार वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत भेटला, तर तो धंद्यात नवखा समजावा. मुरलेला दुकानदार आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतो. अनोळखी असला तर ‘किती पायजे?’ उधारी थकलेला असला तर ‘गाडी याची हाये अजून.’ पलीकडचा दुकानदार अंदाज काढायला आला असला तर ‘बम पडून हाये बावा, कोणी विचारतच नाही.’ आणि सोयरा असला तर मालक स्वतः उठतो, तांदळाच्या कट्ट्यामागून एक डबा ओढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, ‘घरच्यासाठी ठेवली होती, पण तुम्हाले नाही कसं म्हणू?’ एका सकाळी, एकाच हळदीबद्दल ही चारही उत्तरं दिली जातात आणि चारही आपापल्या जागी खरी असतात.

आमचे भाऊ या शाळेतले. तीन पिढ्यांचं किराणा दुकान. वडिलांनी दोनच गोष्टी शिकवल्या: काटा गिऱ्हाइकाकडे झुकला पाहिजे, आणि आपल्याकडे काय किती आहे हे काट्यालाही कळता कामा नये. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. गावात सध्या ते स्टॉकभाऊ. दिवसातून दहा वेळा ते स्वतःच म्हणतात, ‘त्या स्टॉकनं जीव घेतला राजेहो,’ तेव्हा गावाला वेगळी कल्पनाशक्ती लढवावी लागली नाही.

वय साठीकडे झुकलेलं. कानावर पेन्सिल, खिशात पुड्या बांधायचा दोरा आणि उजव्या हाताचा अंगठा बारमाही पिवळा. हा अंगठा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुतण्याने घेऊन दिलेला फोन अंगठ्याच्या ठशावर उघडतो. पण सकाळी पाच-सात किलो हळद जोखून झाली की फोन भाऊंना ओळखत नाही. ते अंगठा पायजम्याला पुसतात, मग फोन पायजम्याला पुसतात, पुन्हा टेकवतात. फोन थरथरून नकार देतो. काचेवर एक पिवळा ठिपका वाढतो. ‘पाहा,’ भाऊ म्हणतात, ‘याले मी कोण हाये हेच माहीत नाही, अन् मले म्हणते स्टॉक सांग!’

पुतण्या हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतो. २०२० च्या टाळेबंदीत तो घरी येऊन बसला, आणि रिकामा इंजिनिअर घरात असला की घराची वेबसाइट होते. त्याचा मुद्दा बिनतोड होता. जिल्ह्यात वायगावं दोन, एक निपाणी आणि एक हळद्या. त्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळद्याच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. रंग गडद, कुरकुमिन सहा टक्क्यांच्या आसपास. पुण्या-मुंबईत लोक ती शोधत असतात, आणि भाऊंच्या दुकानात ती कट्ट्यांनी पडलेली असते. सोबत तिखट, कुरडया, मूगवड्या. अन्नसुरक्षेची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, तीही त्याने करून टाकली. एका रविवारी दुपारी सगळं तयार झालं. फक्त ‘शिल्लक नग’ नावाची एक चौकट कोरी राहिली होती.

‘काका, हळद किती आहे?’

‘हाये ना.’

‘किती?’

‘पुरते.’

‘आकडा सांगा.’

‘कोणाले सांगाचा हाये?’

‘कॉम्प्युटरला.’

‘त्याले कायले पायजे? त्याच्या घरी लगन हाये का?’

अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर भाऊंनी ‘चाळीस’ म्हटलं. एवढंच. चाळीस काय, हे ना पुतण्याने विचारलं ना भाऊंनी सांगितलं. भाऊंच्या मनात चाळीस किलो होते. चौकटीत चाळीस नग गेले, आणि नग म्हणजे पाव किलोचं पाकीट. पहिल्याच संक्रांतीला चाळीस पाकिटं खपली, दहा किलो हळद गेली, तीस किलो मागे कट्ट्यात, आणि वेबसाइटवर हळदीच्या फोटोवर तिरपी लाल पट्टी: स्टॉक संपला.

ती पट्टी भाऊंनी रात्री जेवताना पाहिली आणि घास ताटात ठेवला. त्यांच्या दुकानात तीन पिढ्यांत काही संपलेलं नव्हतं. उशिरा आलं होतं, वाटेत होतं, ठेवून दिलेलं होतं, संपलं नव्हतं. ‘साऱ्या दुनियेले दिसून रायलं का हे?’ त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, ‘दुनिया जेवून रायली, तुम्हीबी जेवा.’ त्यांनी पट्टी काढायचा प्रयत्न केला. आत शिरायला ओटीपी लागतो, ओटीपी पुतण्याच्या फोनवर जातो, पुतण्या अमेरिकेतल्या साहेबाशी मीटिंगमध्ये. देवळीतल्या हळदीची कोंडी फोडायला हिंजवडीहून सहा आकडे यायचे होते आणि ते रात्री पावणेबाराला आले, तेव्हा त्यांची दहा मिनिटांची मुदत संपून वीस मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने भाऊंच्या हट्टाखातर चाळीसचे चार हजार केले. आता पट्टी यायची सोय नव्हती. पण मग खरा माल आणि चौकटीतला माल यांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही. दुकानात समोर उभं राहून हळद नेणाऱ्या बायांची नोंद वेबसाइटला कोण देणार? भाऊंनी काही दिवस दिलीही. एक पाव विकला की चष्मा, अंगठा, पायजमा, ओटीपी. तोवर पुढचं गिऱ्हाईक शेजारी साखर घेऊन घरी पोचलेलं. शेवटी मार्चमध्ये नव्या हळदीआधी जुनी तळाला गेली तेव्हा भाऊंनी स्वतः मोजून खरा आकडा घालायला लावला, आणि त्याच संध्याकाळी तीन पाकिटं दुकानातून गेली, तीन पुण्यात आणि तीन ठाण्यात. पुतण्याने उणे आकड्यांना मुभा ठेवली होती. चौकटीत आलं: −३.

भल्याभल्यांना उणे तीन हळद म्हणजे काय हे समजलं नसतं. भाऊंना लगेच समजलं. ‘म्हंजे मी कोणाचे तरी तीन पुडे देणं लागतो.’ वहीखात्याच्या माणसाला उणेची भीती नसते, देणं राहून जाण्याची असते. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, वहिनींचा वर्षाचा हळदीचा डबा काढला आणि तीन पाकिटं भरली. ‘घरात भाजीले हळद नाही अन् तुमचं पार्सल ठाण्याले,’ असं वहिनी अजून म्हणतात. संगणकशास्त्रात या घोटाळ्यावर बरंच लिहिलं गेलंय: दोन गिऱ्हाइकं एकाच क्षणी शेवटच्या नगावर बोट ठेवतात, आणि कुलूप वेळेवर लागलं नाही तर दोघांनाही तो नग मिळतो. उपाय म्हणून काही दुकानांत, पैसे भरायच्या पायरीवर आलेल्याच्या नावाने माल थोडा वेळ अडवून ठेवतात. तासाभराची मुदत नेहमीची. तीही सोय पुतण्याने लावली. आता भाऊंचा संताप वेगळा. ‘गिऱ्हाईक समोर उभं हाये, हातात नोट हाये, अन् माल त्या बाईच्या नावानं अडून हाये जिनं पैसे देल्ले नाही!’ कोणीही दुसरा असता तर समोरच्याला देऊन मोकळा झाला असता. भाऊंनी समोरच्याला चहा पाजून तासभर बसवून ठेवलं. बाईने पैसे भरले नाहीत. समोरच्याने चहा घेतला, घड्याळ पाहिलं आणि हळद न घेता गेला.

तसं शून्य साठा आणि चालू विक्री यांचं आमच्या जिल्ह्याला नवल वाटू नये. गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. कागदावर साठा निरंक, आणि बाकीचं वर्तमानपत्रांच्या ‘गावठी दारू जप्त’ या सदरात. तेव्हा कागद आणि माल यांनी एकमेकांना ओळख न दाखवणं ही इथली जुनी रीत. फक्त भाऊ प्रामाणिक आहेत, हीच त्यांची अडचण.

प्रामाणिकपणाचं दुसरं रूप म्हणजे मूठ. पाव किलो जोखून झाली, काटा स्थिरावला, की भाऊंचा हात आपोआप डब्यात जातो आणि वरून एक चिमूटवजा मूठ पाकिटात पडते. ही मूठ वडिलांची. कुरिअरचा हिशेब मात्र अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चालतो. दोन पाकिटं म्हणजे बरोबर ५०० ग्रॅम, असं धरून वेबसाइट गिऱ्हाइकाकडून एका टप्प्याचे पैसे घेते. प्रत्यक्षात दोन मुठी, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक खोका आणि भाऊ सढळ हाताने गुंडाळतात ती चिकटपट्टी मिळून सहाशेच्या घरात जातं, दुसरा टप्पा लागतो आणि फरक भाऊंच्या गल्ल्यातून जातो.

‘काका, मूठ टाकू नका.’

‘मूठ नाही टाकली तं गिऱ्हाईक वापस येईन का?’

‘गिऱ्हाईक डोंबिवलीत आहे. तिला मूठ दिसत नाही.’

‘जोखंल ना ते घरी.’

जोखलं. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाने स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर जोखलं आणि एक तारा देऊन लिहिलं, की पाकिटावर २५० ग्रॅम छापलंय आणि भरलं २६८. वजनाचा मेळ नाही, दर्जाचा काय भरवसा. भाऊंनी तो अभिप्राय मला वाचायला लावला, दोनदा. आयुष्यात कमी भरल्याची तक्रार त्यांच्याविरुद्ध कोणी केली नव्हती. जास्त भरल्याची ही पहिली. बंद पाकिटावर निव्वळ वजन छापणं कायद्याने बंधनकारक आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते वजन म्हणजे वरची मर्यादा, ही बातमी नवी होती.

कुरडयांचं तर विचारूच नका. कुरडई चुरू नये म्हणून मोठा खोका घ्यावा, तर कुरिअरवाले खोक्याची लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि येईल ते वजन धरतात. ३० बाय ३० बाय २० च्या खोक्यात एक किलो कुरडया: हिशेबाने ३ किलो ६०० ग्रॅम. ‘अडीच किलो हवा पाठवून रायलो मी मुंबईले,’ भाऊ म्हणतात. त्यांच्या मते देवळीची हवा मुंबईकरांनी वेगळे पैसे देऊन घ्यायला हवी. याबाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे.

एकदा पुतण्याने फोनवरून सांगितलं, ‘काका, तुम्ही स्वतः एक ऑर्डर टाकून पाहा, म्हणजे गिऱ्हाइकाला काय दिसतं ते कळेल.’ भाऊ गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक झाले. पाव किलो हळद टोपलीत घातली. नाव टाकलं, आडनाव सक्तीचं, तेही टाकलं. पत्त्यात लिहिलं, ‘मिरननाथ मंदिराच्या मागं’. फॉर्मने घर क्रमांक मागितला. भाऊ जन्मले त्या घराला क्रमांक आहे, घरपट्टीच्या पावतीवर. पण तो त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. वहिनींनी पेटीतून पावती काढून दिली. मग पिनकोड. ४४२१०१ टाकताच गावाच्या नावाची इंग्रजीतली यादी उघडली आणि देवळी ‘देओली’ होऊन समोर आली. एक देओली आमची. एक दिल्लीतली. एक राजस्थानात, टोंक जिल्ह्यातली. त्या राजस्थानच्या देवलीत इंग्रजांनी छावणी केली होती आणि १९४१ मध्ये जयप्रकाश नारायण तिथे स्थानबद्ध होते. आता तिथे भाऊंचं तिखट स्थानबद्ध असतं. मुंबईहून परत फिरलेलं पार्सल एकदा गावाचं नाव वाचून तिकडे गेलं आणि बरेच दिवस तिथेच राहिलं. नावांचा असा गोंधळ होऊ नये म्हणूनच तर १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि तो आणणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतात कविता करणारे. हे सांगितल्यावर भाऊ क्षणभर निवळले. ‘माणूस भलाच असंन,’ ते म्हणाले, ‘पण त्याच्या टायमाले आकडा माणूस वाचे.’

तर ऑर्डर. पत्ता झाला, कार्ड झालं, ओटीपी आला, पैसे कापले गेले आणि पडदा पांढरा झाला. थोड्या वेळाने ‘प्रलंबित’. दुसऱ्या दिवशी पैसे जमा झाल्याचं कळलं. खात्यात यायला आणखी दोन दिवस, आणि येताना दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वजा. स्वतःच्या दुकानातली स्वतःची हळद स्वतःच्याच पैशाने घेऊन भाऊ तोट्यात गेले. ‘अन् शिल्लक एक नग कमी झाला तो वेगळाच,’ हे त्यांनी पुरवणी म्हणून सांगितलं.

परराज्याची आणखी एक कथा आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारांतून विकणाऱ्या छोट्यांना ही सूट मिळायला १ ऑक्टोबर २०२३ उजाडावा लागला. पण राज्याची सीमा ओलांडली की नोंदणी आलीच. भाऊंची बहीण आदिलाबादला दिलेली. देवळीहून यवतमाळ, पांढरकवडा, पैनगंगा ओलांडली की आलं. पुणं गाठण्यापेक्षा कितीतरी जवळ. तिच्या शेजारणींना हळद हवी होती, आणि वेबसाइट तेलंगण घेईना. भाऊंनी ती एसटीने पाठवली, भाच्याच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत. त्या एका पार्सलच्या बाबतीत कोणी शिल्लक नग विचारले नाहीत.

याच जिल्ह्यात १९३४ साली गांधीजींचा ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा खेड्यातले उद्योग कसे जगवावेत याचा विचार करत होते. भाऊ अधूनमधून त्या थोर परंपरेचा दाखला देतात, पण आपल्या पद्धतीने: ‘बापूनं खेड्याचा माल विका म्हटलं. आधी लॉगिन करा असं कुठी म्हटलं?’

मला विचाराल तर ही सॉफ्टवेअरं करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक गोदाम असतं. त्यात माल गुपचूप रचलेला, कोणी त्याला हात लावत नाही, रोज रात्री कोणी तरी तो मोजतं आणि मोजणाऱ्याला बायको नसते. भाऊंचं दुकान असं नाही. तिथल्या शंभर पाकिटांपैकी दहा गुरुजींच्या मुलीच्या लग्नाची, तोंडी सांगितलेली, पाच वहिनींची, काही, कोणी अडलानडला आला तर म्हणून, आणि उरलेली विकायची, पण तीही कोणाला यावर अवलंबून. हे सगळं एका चौकटीत घाल म्हणणं म्हणजे घरात माणसं किती असं विचारण्यासारखं. जेवायला किती, की निजायला किती, की मतदार यादीत किती?

एक फिरकी मात्र भाऊंनी पाहताक्षणी ओळखली. कोणी तरी टोपलीत हळदीची ९९९ पाकिटं घालायचा प्रयत्न केला होता आणि वेबसाइटने इमानेइतबारे उत्तर दिलं होतं: ‘फक्त ३७ उपलब्ध’. पुतण्याला वाटलं लहान मुलाचा खेळ. भाऊ हसले. ‘पोरगं नाही ते. दुकानदार हाये. माझ्या कट्ट्यात वाकून पाह्यलं त्यानं.’ आणि खरोखरच शिल्लक काढून घ्यायची ही विक्रेत्यांमधली ओळखीची युक्ती आहे. तीन पिढ्या जपलेलं गुपित यंत्राने विचारल्याबरोबर सांगून टाकलं होतं.

पण भाऊंचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे सोडून दिलेल्या टोपल्या. माल टोपलीत घालून पैसे न भरता निघून गेलेल्यांची यादी वेबसाइट ठेवते, फोन नंबरासकट. अशांना आपोआप ईमेल जावा, जमल्यास दहा टक्के सूट द्यावी, असा जगभरचा रिवाज. भाऊंना ही यादी दिसली त्या रात्री साडेनऊला, दुकान वाढवल्यावर, त्यांनी पहिला नंबर फिरवला.

‘ताई, नमस्कार, देवळीहून बोलतो. तुम्ही आपल्या इथं अर्धा किलो हळद अन् पाव तिखट काढून ठेवलं अन् निघून गेल्या. काही काम निघालं का?’

‘कोण बोलतंय? माझा नंबर कुठून मिळाला?’

‘तुम्हीच देल्ला ना, बाई.’

‘मी ओटीपी देणार नाही हं!’

‘ओटीपी नोको मले. हळद पायजे का तेवढं सांगा. भावात कमीजास्त करायचं असंन तं बोला.’

बाईंनी फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्यांचाच आला. देवळी म्हणजे वर्ध्याची का? त्यांचं माहेर पुलगावचं. मग पुलगावची कापडगिरणी, दारूगोळ्याचा डेपो, कोणाची मुलगी कोणाला दिली, सगळं झालं. दोन किलो हळद ठरली, पैसे फोनवरून आले, पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या महिन्यात भाऊंनी रोज रात्री यादीतल्या लोकांची विचारपूस केली. काहींनी दम भरला. एका गृहस्थांनी सायबर पोलिसांचं नाव घेतलं; त्यांनाही भाऊंनी ‘जेवण झालं का?’ विचारलं. पण बऱ्याच जणांनी माल घेतला. पुतण्याने डोकं धरलं. ‘काका, असं करत नाहीत. प्रायव्हसी असते.’ भाऊंचं म्हणणं इतकंच, की दुकानात येऊन पिशवी ठेवून कोणी बाई निघून गेली तर तिच्या मागे आवाज द्यायचा की नाही?

२८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब रेल्वेचं उद्घाटन झालं, देवळीला स्टेशन आलं. भाऊ फलाटावर जाऊन आले आणि पाटीवर गावाचं नाव मराठीतही आहे याची खात्री करून आले. पार्सलाच्या दृष्टीने त्यांना ती पाटी आशादायक वाटते.

चौकटीचा तिढाही त्यांनी सध्या सोडवलाय, पुतण्याला न विचारता. ओटीपी आता त्यांच्याच फोनवर येतो. फोन डाव्या अंगठ्याने उघडतो, कारण त्या हाताने ते हळद जोखत नाहीत. शिल्लक नगांत त्यांनी १ घालून ठेवलाय. तो गेला की पुन्हा १. लाल पट्टी येत नाही, कट्ट्यात कोणी डोकावू शकत नाही, आणि ‘फक्त एकच शिल्लक’ वाचून लोक घाई करतात ते वेगळं. अडचण फक्त एक, की दोन पाकिटं कोणालाच घेता येत नाहीत. परवा मी बसलो असताना नागपूरहून फोन आला. लग्नघर होतं, पन्नास पाकिटं हवी होती, आणि साइट तर एकाच्या वर घेत नव्हती. भाऊंनी फोन खांद्यात धरला, कानावरची पेन्सिल काढली.

‘तो एक साइटचा हाये, ताई,’ ते म्हणाले. ‘तुम्हाले किती पायजे ते बोला.’